पोस्टग्रेसमध्ये नाऊ() जुनीच वेळ देतं तेव्हा: उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचा शोध आणि उपाय

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. टेबलात नोंदीची वेळ डेटाबेसनेच टाकावी म्हणून कॉलमला डिफॉल्ट नाऊ() दिलेलं आहे. बहुतेक नोंदी ठीक दिसतात. पण अधूनमधून एखादी नोंद प्रत्यक्षापेक्षा दहा मिनिटं, तासभर, कधी दोन तास आधीची वेळ घेऊन बसते. सर्व्हरचं घड्याळ बघावं तर सेकंदाला बरोबर. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की त्रास थांबल्यासारखा वाटतो आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा उपटतो. एरर कुठेच नाही, लॉग स्वच्छ.

हे तुमच्याकडे होत असेल तर घड्याळाला हात लावू नका. दोष बहुतेक वेळा उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचा असतो, म्हणजे सुरू झालेल्या पण कमिट (पक्क्या) किंवा रोलबॅक (रद्द) न झालेल्या डेटाबेसच्या कामाचा.

मला हा प्रकार एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर भेटला. तिथली पद्धत अशी: ऊस भरलेली गाडी फाटकातून यार्डात येते तेव्हा तिला टोकन मिळतं. मग रांग. नंबर लागला की गाडी काट्यावर चढते आणि भरलेल्या गाडीचं वजन होतं. गव्हाणीवर ऊस उतरवून गाडी परत येते, तेव्हा रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. प्रत्येक टप्प्याची वेळ चिठ्ठीवर छापून येते.

हंगाम सरत आला होता. एक शेतकरी चिठ्ठी घेऊन शेतकी ऑफिसात आला. चिठ्ठीवर टोकनची वेळ रात्री २:४७ आणि भरलेल्या गाडीच्या वजनाची वेळ १२:५२. म्हणजे गाडी फाटकातून आत यायच्या जवळपास दोन तास आधीच काट्यावर चढलेली! वजन बरोबर होतं, आम्ही ते तीन ठिकाणी ताडून पाहिलं. पण वेळ खोटी असलेल्या चिठ्ठीवरच्या वजनावर त्याने विश्वास का ठेवावा? वर्षभराच्या पिकाचा हिशोब त्या एका कागदावर असतो. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटली नाही, आणि कुणाला वाटूही नये.

आधी जे सगळे करतात तेच झालं. काट्यावरच्या कॉम्प्युटरचा सेल बदलला, घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून) जुळवलं, सर्व्हरचा टाइमझोन पाहिला. काही फरक नाही. शेवटी टोकनच्या वेळेपेक्षा वजनाची वेळ आधीची असलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एका क्वेरीने काढल्या. सगळ्या गेल्या तीन आठवड्यांतल्या. हंगामाच्या भरात एकही नाही. यादी बघून काट्यावरचे काका म्हणाले, "साहेब, यार्ड रिकामं पडायला लागल्यापासूनच होतंय हे. गाड्या लागून असल्या की काही होत नाही." हे वाक्य नसतं तर मी अजून घड्याळच तपासत बसलो असतो.

काट्याच्या इंडिकेटरकडून आलेलं वजन काटा-प्रोग्रॅम एका साध्या फाईलमध्येही वेळेसकट उतरवत होता. ती फाईल आणि डेटाबेस शेजारी ठेवले. पहिली गाडी: फाईलमध्ये १२:५२:०९, डेटाबेसमध्ये १२:४८:३१. दुसरी गाडी: फाईलमध्ये २:५८:४०, डेटाबेसमध्ये १२:५२:०९. तिसरी: फाईलमध्ये ३:०२:१५, डेटाबेसमध्ये २:५८:४०. जरा निरखून बघा. डेटाबेसमधली प्रत्येक वेळ म्हणजे आधीच्या गाडीची वेळ. अख्खा कॉलम एका ओळीने खाली सरकलेला! आणि हे फक्त त्या रात्रीपुरतं नव्हतं, हंगामाच्या पहिल्या दिवसापासून असंच चाललेलं होतं. गाड्या लागोपाठ असताना चूक तीन-चार मिनिटांची, आणि टोकन तर कित्येक तास आधीचं, त्यामुळे उलटी वेळ कधी दिसलीच नाही. रांगेने चूक झाकली होती. यार्ड रिकामं पडलं, दोन गाड्यांमध्ये दोन तासांचं अंतर पडलं, तेव्हा ती उघडी झाली.

आता कारण. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() ही 'या क्षणाची वेळ' नसून 'हे ट्रान्झॅक्शन सुरू झालं ती वेळ' आहे. करंट_टाइमस्टॅम्प तेच देतं, ट्रान्झॅक्शन_टाइमस्टॅम्प() तेच देतं, करंट_डेट, करंट_टाइम, लोकलटाइमस्टॅम्प हेही त्याच क्षणावरून निघतात. बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू करायची आज्ञा) झाल्यावर तासाभराने इन्सर्ट केलंत तरी नाऊ() बिगिनचीच वेळ सांगणार. मध्ये सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या आतली मागे फिरायची खूण) टाकल्यानेही ती हलत नाही.

काटा-प्रोग्रॅम पायथॉनमध्ये होता, डेटाबेसशी बोलायला सायकोपीजी२. या लायब्ररीत तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर कनेक्शनवरची पहिली क्वेरी, मग ती साधी सिलेक्ट का असेना, आपोआप ट्रान्झॅक्शन उघडते, आणि कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत ते उघडंच राहतं. काटा-प्रोग्रॅमचा क्रम असा होता: वजन सेव्ह, कमिट, मग स्क्रीनवर आजच्या गाड्यांची यादी ताजी करायला एक सिलेक्ट. ही सिलेक्ट नवं ट्रान्झॅक्शन उघडायची, आणि तिच्यानंतर कमिट नव्हतं, कारण 'आपण फक्त वाचतोय, कमिट कशाला'. पुढची गाडी येईपर्यंत ते ट्रान्झॅक्शन तसंच. गाडी आली की इन्सर्ट त्याच जुन्या ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि नाऊ() म्हणजे मागच्या गाडीनंतर यादी ताजी झाली तो क्षण. फाटकावरचा टोकनचा प्रोग्रॅम दरवेळी वाचून झाल्यावरही कमिट करत होता, म्हणून त्याच्या वेळा खऱ्या.

तुमच्याकडे हेच आहे का ते पाहायला दोन गोष्टी करा. पहिली: पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असलेली कनेक्शन्स काढा आणि त्यांचा एक्सॅक्ट_स्टार्ट कॉलम बघा. ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं ते तिथे लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम नुसता उघडा ठेवून कुणी काही करत नसताना हे बघायचं. आमच्याकडे एक कनेक्शन ४१ मिनिटं तसंच बसलेलं सापडलं. त्याच ओळीतल्या क्वेरी कॉलममध्ये शेवटची चाललेली क्वेरी दिसते. तिथे ती यादी ताजी करणारी सिलेक्टच होती.

दुसरी: तुमच्या प्रोग्रॅमच्याच कनेक्शनवरून क्लॉक_टाइमस्टॅम्प() वजा नाऊ() ही क्वेरी चालवा आणि उत्तर लॉगमध्ये टाका. इथे बरेच जण फसतात. ते पीएसक्यूएल (आज्ञा टाइप करायचा पोस्टग्रेसचा प्रोग्रॅम) उघडतात, तिथे ही क्वेरी चालवतात, फरक जवळपास शून्य येतो आणि ते म्हणतात डेटाबेस ठीक आहे. पीएसक्यूएलमध्ये तुम्ही स्वतः बिगिन म्हटलं नसेल तर प्रत्येक आज्ञा आपापल्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि लगेच कमिट होते, म्हणून तिथे हा रोग दिसणारच नाही. तपासणी आजारी कनेक्शनवरच व्हायला हवी.

एक वेगळं लक्षणही सांगून ठेवतो, कारण त्याचा उपाय निराळा आहे. टेबलातल्या झाडून सगळ्या नोंदींवर एकच वेळ असेल, आणि ती टेबल तयार केल्याच्या दिवसाची असेल, तर डिफॉल्ट लिहिताना कुणीतरी नाऊ हा शब्द अवतरणात घालून त्याला टाइमस्टॅम्पचा टाइप दिला आहे. पोस्टग्रेस त्याची किंमत टेबल बनतानाच काढून कायमची बसवून टाकतं. तिथे डिफॉल्ट बदलून नाऊ() हे फंक्शन द्या, काम झालं.

उपायाकडे वळण्याआधी

या विषयावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'सगळीकडे नाऊ() काढून क्लॉक_टाइमस्टॅम्प() घाला'. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. नाऊ() थांबून राहतं तो बिघाड नाही, ती मुद्दाम दिलेली सोय आहे. एक गाडी सेव्ह होते तेव्हा वजनाच्या टेबलात एक नोंद पडते, शेतकऱ्याच्या खात्यात एक, तोडणीच्या हिशोबात एक, वाहतूकदाराच्या हिशोबात एक. या चारही नोंदींवर मायक्रोसेकंदापर्यंत एकच वेळ असली की पुढे कधीही त्या एकमेकींशी जुळवता येतात. क्लॉक_टाइमस्टॅम्प() घातलंत तर चारी वेळा थोड्या थोड्या वेगळ्या, आणि मध्यरात्री बारा वाजता दोन नोंदी एका तारखेला, दोन दुसऱ्या तारखेला.

क्लॉक_टाइमस्टॅम्प() प्रत्येक वेळी बोलावल्यावर घड्याळ बघतं, एकाच क्वेरीच्या आतसुद्धा. हजार ओळींच्या एका इन्सर्टमध्ये प्रत्येक ओळीला तुम्हाला निराळी वेळ मिळेल. पोस्टग्रेसच्या लेखी ते व्होलाटाइल (दर वेळी उत्तर बदलू शकणारं) फंक्शन आहे, तर नाऊ() स्टेबल (एका क्वेरीत उत्तर न बदलणारं). याचे दोन परिणाम कामात आडवे येतात. 'गेल्या चोवीस तासांतल्या नोंदी' काढताना अटीत क्लॉक_टाइमस्टॅम्प() वापरलंत तर त्या कॉलमवरच्या इंडेक्सचा आधार घेता येत नाही, आणि ओळीगणिक घड्याळ बघितलं जातं ते वेगळंच. शिवाय पोस्टग्रेस ११ पासून, चालू टेबलात डिफॉल्टसकट नवा कॉलम वाढवताना डिफॉल्ट नाऊ() असेल तर काम क्षणात होतं. तिथेच क्लॉक_टाइमस्टॅम्प() दिलंत की सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं. मोठ्या टेबलावर, भर दुपारी हे करून बसलेल्या माणसाची अवस्था मी पाहिली आहे.

मग मधलं एक आहे, स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प(). क्लायंटकडून चालू आज्ञा सर्व्हरला मिळाली ती वेळ हे देतं. एका स्टेटमेंटच्या आत स्थिर, पुढच्या स्टेटमेंटला पुढे सरकणारं, आणि स्टेबल असल्यामुळे इंडेक्सलाही चालणारं. फक्त एक लक्षात असू द्या: पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आतल्या भाषेतल्या फंक्शनमध्ये शंभर क्वेऱ्या असल्या तरी ते फंक्शन ज्या बाहेरच्या आज्ञेने सुरू झालं तिचीच वेळ मिळते. फंक्शनच्या आत कुठल्या टप्प्याला किती वेळ लागला हे मोजायचं असेल तर मात्र क्लॉक_टाइमस्टॅम्प()च हवं. तिथे नाऊ() वापरून 'सगळे टप्पे शून्य सेकंदात झाले' असा लॉग पुष्कळांनी पाहिला असेल. पोस्टग्रेस ११ पासून प्रोसिजरच्या आत कमिट करता येतं. अशा कमिटनंतर नाऊ() नवी वेळ घेतं, स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() मात्र कॉल झाल्याच्या वेळेलाच चिकटून राहतं. रात्रीच्या मोठ्या कामात हजार-हजार ओळींनी कमिट करणारी प्रोसिजर असेल तर हा फरक माहीत असलेला बरा.

काट्यावर काय बदललं

मूळ दुरुस्ती तीन ओळींची होती. यादी वाचणारं कनेक्शन वेगळं केलं आणि त्यावर ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप लगेच कमिट होणं) चालू केलं. सेव्ह करणाऱ्या कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन बटण दाबल्यावर उघडतं आणि चिठ्ठी छापायला जाण्याआधी कमिट होतं. नियम साधा ठेवला: ट्रान्झॅक्शन उघडं असताना माणसाची वाट बघायची नाही, प्रिंटरचीही नाही. तुम्ही स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरत असाल आणि एका मोठ्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल लावून आतमध्ये बाहेरच्या सर्व्हिसला कॉल करत असाल, तर तिथेही हेच घडतं. कॉलला चाळीस सेकंद लागले तर त्यानंतरच्या नोंदीवर चाळीस सेकंद जुनी वेळ.

उघडं ट्रान्झॅक्शन नुसती वेळच बिघडवत नाही. वाचलेल्या टेबलांवरचं हलकं लॉक ते शेवटपर्यंत धरून ठेवतं. कुणी त्या टेबलात कॉलम वाढवायला गेलं की ऑल्टर टेबल अडकतं, आणि त्याच्या मागे त्याच टेबलाच्या साध्या सिलेक्टही रांगेत उभ्या राहतात. आमच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला एकदा असंच सगळं ठप्प झालं होतं, तेव्हा कारण सापडलं नव्हतं. आता सापडलं.

चुकून पुन्हा कुणी उघडं ठेवलं तर सर्व्हरनेच पकडावं म्हणून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट हे सेटिंग, पोस्टग्रेस ९.६ पासून मिळतं ते, फक्त काट्याच्या डेटाबेस-युजरला एक मिनिटाचं लावलं. मुदत संपली की सर्व्हर ते कनेक्शनच तोडतो. म्हणून आधी प्रोग्रॅम तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडू शकतो का ते पाहा, नाहीतर वेळ सुधारेल आणि सेव्ह बंद पडेल.

आणि चौथा बदल, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा. वजनाची वेळ डेटाबेसकडून घेणंच बंद केलं. काट्यावर आकडा स्थिर झाला तो क्षण आणि ती नोंद डेटाबेसमध्ये पोचली तो क्षण, या दोन निराळ्या घटना आहेत. नेटवर्क वीस मिनिटं पडलं तर कुठलंच फंक्शन तुम्हाला पहिला क्षण सांगू शकत नाही. त्यामुळे 'वजन झाल्याची वेळ' काटा-प्रोग्रॅम स्वतः पाठवतो आणि 'नोंद झाल्याची वेळ' हा वेगळा कॉलम डिफॉल्ट नाऊ() वर राहतो. चिठ्ठीवर पहिली छापायची. दोन्हींत एका मिनिटापेक्षा जास्त फरक पडला तर सुपरवायझरला दिसतं. अर्थात यासाठी काट्यावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ जुळलेलं हवं. ते आधीच जुळवून झालं होतं, ती मेहनत इथे कामी आली.

हे निस्तरल्यावर वर आलेला दुसरा घोळ

मुख्य ऑफिसच्या रिपोर्टसाठी दर पाच मिनिटांनी एक जॉब (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) नव्या आणि बदललेल्या नोंदी उचलून दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेतो. 'मागच्या खेपेनंतर बदललेलं सगळं दे' अशी अट. त्यात अधूनमधून नोंदी गळायच्या, आणि वजनाच्या वेळेचा घोळ मिटल्यावर सगळ्यांना वाटलं हेही मिटेल. नाही मिटलं.

समजा पंधरवड्याच्या बिलाचं ट्रान्झॅक्शन १०:०० ला सुरू झालं आणि १०:०७ ला कमिट झालं. नोंदींवर वेळ १०:००. जॉब १०:०५ ला आला, त्याला त्या नोंदी दिसल्याच नाहीत, कारण कमिट व्हायच्या होत्या. त्याने वहीत '१०:०५ पर्यंत झालं' लिहिलं. १०:१० ला परत आला, १०:०५ नंतरच्या नोंदी मागितल्या. बिलाच्या नोंदींवर १०:०० आहे. त्या आता कधीच उचलल्या जाणार नाहीत.

इथे क्लॉक_टाइमस्टॅम्प() घातलं तर? आणखी वाईट. १०:०० ते १०:०७ अशा पसरलेल्या वेळा पडतील, १०:०५ च्या आधीच्या गळतील आणि नंतरच्या जातील. म्हणजे अर्धं बिल पोचलं, अर्धं नाही. आधी निदान सगळं गळाल्यामुळे कुणाच्या तरी लक्षात यायचं. आयडी नंबरावर अट घातली तरी सुटका नाही, कारण नंबर इन्सर्टच्या वेळी मिळतो आणि ट्रान्झॅक्शन्स नंबरांच्या क्रमाने कमिट होत नाहीत.

सोपा उपाय म्हणजे मागे सरकून बघणं. तुमचं सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शन दहा मिनिटांचं असेल तर प्रत्येक खेपेला मागच्या अर्ध्या तासापासूनचं उचला आणि पलीकडे 'आधीच असेल तर बदल, नसेल तर घाल' अशा पद्धतीने भरा. पोस्टग्रेस ९.५ पासून इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट आहे, ते याच कामाचं. जरा जास्तीचं वाचन होतं, पण आमच्या आकारमानाला ते काहीच नाही.

पक्का उपाय हवा असेल तर वेळेचा नाद सोडा. नोंदीत ट्रान्झॅक्शनचा नंबर ठेवा आणि जॉबला सांगा की या क्षणी चालू असलेल्या सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनपेक्षा लहान नंबर असलेलंच उचल. पोस्टग्रेस १३ पासून पीजी_करंट_एक्सॅक्ट_आयडी(), पीजी_करंट_स्नॅपशॉट() आणि पीजी_स्नॅपशॉट_एक्समिन() ही फंक्शन्स त्यासाठी आहेत. नोंद बदलली जाते तेव्हाही तो नंबर नवा व्हायला हवा, म्हणून अपडेटवर ट्रिगर लागतो. आम्ही बिलाच्या टेबलांना हे केलं, बाकीच्यांना अर्ध्या तासाची सोपी युक्ती.

याच कुळातला आणखी एक प्रकार: तुमच्या ट्रान्झॅक्शनला 'भविष्यातल्या' नोंदी दिसतात. नेहमीच्या रीड कमिटेडमध्ये (दुसऱ्यांनी कमिट केलेलं लगेच दिसतं त्या पातळीवर) तुमचं ट्रान्झॅक्शन १०:०० ला सुरू झालं, दुसऱ्या कुणी १०:०३ ला नोंद टाकून कमिट केली, तर तुमच्या पुढच्या सिलेक्टला ती दिसेल. पण तुमचं नाऊ() अजून १०:०० आहे. नाऊ() वजा नोंदीची वेळ केलंत की उणे तीन मिनिटं. रांगेत थांबलेल्या गाड्यांचा वेळ दाखवणाऱ्या फलकावर आम्हाला असे उणे आकडे दिसायचे. मुदत संपण्याच्या तपासणीतही तेच: १०:०२ ला संपलेला पास, १०:०५ ला तपासला तरी नाऊ()ला अजून चालू वाटतो. 'आत्ता मुदत संपली का' असा प्रश्न असेल तिथे स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() वापरा.

तारखेचा प्रश्न वेगळा, पण सोबत येतो

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात करंट_डेट कालची तारीख देतं. दिवसा चालणाऱ्या ऑफिसला हे वर्षभर कळत नाही. कारखाना रात्रभर चालतो, म्हणून लगेच कळलं. उपाय म्हणजे सेशनचा टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवणं, किंवा नाऊ() आधी त्या टाइमझोनमध्ये नेऊन मग त्याची तारीख काढणं. टाइमझोन नावानेच द्या. कुणी हुशारीने 'यूटीसी+५:३०' लिहिलं तर पोस्टग्रेस ते जुन्या पॉझिक्स पद्धतीने वाचतं. तिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. तुमची वेळ पुढे जायच्या ऐवजी मागे जाते आणि भारतीय वेळेपासून थेट ११ तासांचा फरक पडतो.

टाइमझोन बरोबर असला तरी उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये करंट_डेटही थांबलेलंच असतं. ३१ मार्चच्या रात्री ११:५० ला सुरू झालेलं काम १ एप्रिलला १२:२० ला संपलं, तर सगळ्या नोंदी जुन्या आर्थिक वर्षात. त्या तिथे जायला हव्यात की नव्या वर्षात, हे डेटाबेसने ठरवायचंच नाही. हिशोबाची तारीख काय धरायची ते अकाउंट्स विभागाने सांगावं आणि ती प्रोग्रॅमने कॉलममध्ये स्पष्ट लिहावी. बँकांच्या सिस्टिममध्ये कामकाजाची तारीख घड्याळापासून वेगळी ठेवतात ती याचसाठी. आमच्या कारखान्यात पाळी पहाटे ४ ला बदलते, त्यामुळे 'आजचं गाळप' ही तारीख तर कुठल्याच फंक्शनमधून मिळणार नव्हती.

दुसऱ्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर येणाऱ्यांसाठी थोडक्यात. मायएसक्यूएलचं नाऊ() स्टेटमेंटची वेळ देतं, ट्रान्झॅक्शनची नाही, म्हणून तिथे चाललेला तोच प्रोग्रॅम इथे आल्यावर बिघडल्यासारखा वाटतो. तिथलं सिसडेट() मात्र बोलावल्या क्षणाची वेळ देतं आणि स्टेटमेंट-आधारित रेप्लिकेशनमध्ये (त्याच आज्ञा दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा चालवून प्रत ठेवण्यात) असुरक्षित ठरतं. ओरॅकलचं सिसडेट एका एसक्यूएल स्टेटमेंटच्या आत एकच राहतं आणि सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळ सांगतं. सेशनच्या टाइमझोनची हवी असेल तर तिथे करंट_डेट. एसक्यूलाइटचं करंट_टाइमस्टॅम्प यूटीसीमध्ये असतं. एसक्यूएलच्या मानकाची अपेक्षा एवढीच आहे की एका स्टेटमेंटमधली अशी सगळी फंक्शन्स एकाच क्षणाची वेळ देतील. ट्रान्झॅक्शनभर वेळ थांबवणं ही पोस्टग्रेसची निवड. जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की जँगोचं नाऊ() हे डेटाबेस-फंक्शन पोस्टग्रेसवर मुद्दाम स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() वापरतं. ट्रान्झॅक्शनची वेळ हवी असेल तर ट्रान्झॅक्शननाऊ वेगळं आहे. आणि जँगोचा टेस्टकेस प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो, त्यामुळे कॉलमचं डिफॉल्ट डेटाबेसमधल्या नाऊ()वर असेल तर टेस्टमधल्या सगळ्या नोंदींना एकच वेळ मिळते आणि 'शेवटची नोंद वर' असा क्रम तपासणारी टेस्ट कधी पास, कधी नापास होते. क्रम हवा असेल तर वेळेच्या जोडीला आयडीवरही लावा.

दुरुस्ती झाली की नाही ते तपासायला भाराची गरज नाही, उलट शांतता लागते. एक नोंद सेव्ह करा, भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून कागदावर लिहा. पंधरा मिनिटं प्रोग्रॅमला कुणीही हात लावायचा नाही, पण तो उघडा ठेवायचा. मग दुसरी नोंद सेव्ह करा. दुसरीची 'नोंद झाल्याची वेळ' भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली तर ट्रान्झॅक्शन बंद होतंय. ती पहिल्या नोंदीच्या आसपास निघाली तर अजून एखादी सिलेक्ट कमिटशिवाय बसली आहे, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत तिचं नाव मिळेल. काट्यावर आम्ही हे काकांच्या समोर केलं. दुसऱ्या खेपेला वेळ जुळली. त्या शेतकऱ्याला फाईलमधल्या खऱ्या वेळेची, शेतकी अधिकाऱ्यांच्या सहीची नवी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दिली.